किटली, होकायंत्र आणि भोंगा

हिमनदीसमोर मोठ्याने बोलायचं नाही.

•

पिवळे रेनकोट चौदा. त्यातल्या एकाला गुंड्या नाहीत. तो कायम माझ्या वाट्याला.

•

बर्फावर झोपलेली सील डोकं आणि शेपटी दोन्ही वर उचलून धरते, पोट तेवढं टेकवते. लांबून केळं पडल्यासारखं दिसतं.

•

दहा टक्के. डॉक्टरांनी आकडा कागदावर लिहिला आणि त्याभोवती गोल काढला. जसं काही आम्हाला तो सापडलाच नसता.

•

आई गेल्या साठ वर्षांत तिच्या भावाशी एक वाक्य बोललेली नाही. दोघांचा एकमेकांवर फार जीव.

•

आजचं सूप हॅलिबट मासा, बटाटा आणि दुधाचं. मीठ दोनदा पडलं.

•

गुरुवार, सकाळी सव्वादहाचं विमान.

•

हे सगळे तुकडे एका मंगळवारी माझ्या डोक्यात होते. जूनचा मंगळवार, पाऊस. अलास्काच्या आमच्या किनाऱ्यावर पाऊस पडला असं कोणी सांगत नाही. थांबला तर सांगतात.

मामाची बोट लहान आहे. पुढे त्याची सुकाणूची केबिन, मागे प्रवाशांची. मधे एक दार, ते पावसात फुगतं म्हणून कधी लागत नाही. दाराशेजारी माझा ओटा, त्यावर सुपाचं पातेलं, कप आणि एक किटली. मी बर्टा. वय एक्केचाळीस. उन्हाळ्यात पाहुण्यांना सूप देते, दोर बांधते, उलटीच्या पिशव्या वाटते. बोटीचं नाव ‘एल्सी’, माझ्या मामीचं. मामी चार हिवाळ्यांपूर्वी गेली.

मामाचं नाव होरेस. आईचं नेटी. आई सत्त्याहत्तर, मामा पंचाहत्तर.

आम्ही त्लिंगित, या किनाऱ्याचे मूळ रहिवासी. आमच्या जुन्या माणसांत भाऊ-बहीण वयात आले की एकमेकांशी समोरासमोर बोलत नसत. भांडण म्हणून नाही, मान म्हणून. बहिणीचा शब्द भावाला फार जड. तो थेट त्याच्यावर टाकायचा नाही, मधे कोणीतरी ठेवायचं. माणूस नसेल तर वस्तू. गावात आता हे कोणी पाळत नाही, भाऊ-बहिणी फोनवर तास तास भांडतात. पण या दोघांना त्यांच्या आजीने वाढवलं होतं, आणि आजीची काठी लांब होती.

आई त्यामुळे किटलीशी बोलते. घरात आमच्याकडे एक, मामाकडे एक, आणि लग्नकार्यात जी असेल ती. मामा बोटीवर असला की होकायंत्राशी बोलतो, घरी असला की कुत्र्याशी बोलायचा. कुत्रं मेलं तेव्हा दोन महिने त्याची फार पंचाईत झाली.

आणि महत्त्वाचं काही असलं की मधे मी.

•

निरोप. दिलेले, आणि मी पोचवलेले.

आईने दिला, “त्या म्हाताऱ्या खुळ्याला सांग, पुन्हा छपरावर चढलास तर मी शिडी जाळीन.”
मी पोचवला, “मामा, आई म्हणते छपराचं काम कोणाकडून तरी करून घे.”

मामाने दिला, “तिच्या सॅल्मनला धूर कमी बसलाय. दातात चिकटतो.”
मी पोचवला, “मामा म्हणतो मासा मऊ झालाय.”

आईने दिला, “एल्सीच्या थडग्यापाशी तो एकटा जातो. मला बोलवत नाही.”
हा मी पोचवलाच नाही.

आईने दिला, गेल्या बुधवारी, “त्याला विचार, मी गेले तर त्याला चालेल का. आणि उत्तर जसंच्या तसं आण. तुझं साखर घालून नको.”
मी पोचवला, “मामा, आई अँकरेजला जातेय. ठरलंय तिचं.”

मामाने दिला, “ठरलंच असेल तर मला कशाला सांगतेस.”
मी पोचवला, “आई, मामा म्हणतो जा.”

•

अँकरेजला जायचं कारण ते दहा टक्के. आईची मूत्रपिंडं तेवढीच उरली होती. रक्त धुवायचं यंत्र आमच्या गावात नाही. ते शहरात, आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. म्हणजे तिथेच राहायचं. नाही गेली तर डॉक्टरांच्या अंदाजाने पहिल्या बर्फापर्यंत.

आई डॉक्टरांना म्हणाली होती, “माझ्या भावाला विचारून सांगते.” ते हसले. त्यांना वाटलं ती गंमत करतेय.

मी का खोटं बोलले ते सांगते. मामीचं हृदयाचं ऑपरेशन त्याच शहरात झालं आणि ती पेटीतून परत आली. तेव्हापासून मामासमोर त्या शहराचं नाव काढायची सोय नव्हती. मला भीती होती की तो आईला म्हणेल, जाऊ नको. आणि त्याने तसं म्हटलं असतं तर आई गेली नसती. जगातल्या सगळ्या डॉक्टरांनी गोल काढले असते तरी नसती गेली.

म्हणून मी विचारलंच नाही.

•

भोंगा, सकाळी नऊ.

“नमस्कार मंडळी. मी कप्तान होरेस. पाणी चार अंश आहे. पोहायचा विचार असेल तर आधी माझ्या भाचीला सांगा, म्हणजे ती सूप गरम ठेवेल. देवमासा दिसला तर ओरडू नका, बोट दाखवा. हिमनदी दिसली तर बोटही दाखवू नका. म्हातारी माणसं आहेत ती, त्यांना आवडत नाही. आणि पाऊस आहे म्हणून तोंडं पाडू नका. उन्हात बर्फ पांढरा दिसतो. निळा बघायचा असेल तर पावसातच यावं लागतं.”

बावीस वर्षं तेच शब्द, त्याच जागी तोच खोकला.

•

प्रवासी बारा. आई तेरावी.

भावाच्या बोटीत ती कधी आली नव्हती. “दिवसभर त्याच्या पाठीकडे बघत कोण बसेल?” म्हणायची. त्या सकाळी ती धक्क्यावर उभी होती, डोक्यावर रुमाल, हातात पिशवी.

“आई, तू कशाला भिजतेस?”

“घर सोडताना घरातल्या मोठ्यांना सांगून निघतात. तुला नाही शिकवलं का मी?”

मोठे म्हणजे हिमनदी. आई आणि मामा लहान असताना वसंतात आख्खं कुटुंब तिच्या पायथ्याशी सील-छावणीला जाई. पुरुष शिकारीला, बायका कातडी ताणायला, पोरं सगळ्यांच्या पायांत. आई तिला ‘आजोबा’ म्हणते. त्याला, म्हणायला हवं.

ती माझ्या ओट्याशेजारच्या बाकावर बसली, सुकाणूच्या दाराकडे पाठ करून. मामाने आरशात तिचा रुमाल बघितला असणार, कारण निघताना त्याने बोट धक्क्याला घासली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“काय गं किटली,” आई म्हणाली, “काही लोकांना डोळे तपासून घ्यायची गरज आहे वाटतं.”

दारातून आवाज आला, “होकायंत्रा, बोटीत वजन वाढलंय बाबा आज. एका बाजूला.”

आईच्या खांद्यांना हसू फुटलं. पण ते लगेच आवरलं. मला ते आवरणं दिसलं, आणि मी उगीच कप पुसायला घेतले.

•

आईच्या समोर ओहायोचे प्रुइट नावाचे गृहस्थ बसले होते. चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. अंगात लाल प्लास्टिक, ते वळले की खरखर वाजायचं.

“बर्फ कधी कोसळणार?” त्यांनी मला विचारलं.

“त्याला वाटेल तेव्हा.”

“जोरात ओरडलं की कोसळतो म्हणे.”

आई त्यांच्याकडे वळली. “तुमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत जाऊन ओरडतात का?”

“माझे सासरे बहिरे होते बाई. ओरडावंच लागायचं.”

“हे बहिरे नाहीत.”

प्रुइटनी विचार केला. “मग हळू बोलू,” ते म्हणाले, हळू.

आईला ते तिथेच आवडले. तिने पिशवीतून सुक्या माशाची पट्टी काढून दिली. ते चघळत राहिले, चघळतच राहिले.

“चांगला आहे,” ते शेवटी म्हणाले. “दातात चिकटतो जरा.”

दाराच्या पलीकडून कोणीतरी मोठ्याने खाकरलं.

•

दहा ते साडेअकरा, ओळीने. दोन पाणमांजरं, उताणी, हात धरून झोपलेली. नाही, हात धरून नाही, पाहुण्यांना तसं वाटलं. पफिन पक्षी सात, उडायला जड. एका देवमाशाची शेपटी, तीही सगळ्यांनी उजवीकडे बघितल्यावर डावीकडे. पाऊस सरळ. नंतर तिरका. नंतर नुसतं धुकं, ज्यात पाऊस कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो ते सांगता येईना. पहिला बर्फाचा तुकडा बोटीला लागला तेव्हा पोटाखालून कोणीतरी दार वाजवल्यासारखं झालं.

•

मी मामाचं सूप घेऊन दारात गेले. तो काचेकडे बघत होता. पुढे सगळं राखाडी.

माझ्या पाठीमागे आई किटलीला म्हणाली, “तुला सांगते, माझं काही म्हणणं नाही. पण माणसाने निदान एक रात्र तरी विचार करावा की नाही? सत्त्याहत्तर वर्षांची सख्खी बहीण. विचारलं, जाऊ का? तर म्हणे, जा. एवढंच. अगं, कुत्र्याला बाहेर सोडतानासुद्धा दार उघडून आधी पाऊस बघतात.”

मामाचा हात सुकाणूवर थांबला.

मी म्हणाले, “मामा, सूप.”

तो माझ्याकडे बघेना. “होकायंत्रा,” तो म्हणाला, “तुला कोणी काही विचारलं होतं का रे? मला तर नाही कोणी विचारलं. मला कळवलं. जातेय, ठरलंय. मीच खुळा आठ दिवस वाट बघत बसलो की आज विचारेल, उद्या विचारेल.”

किटलीचं झाकण थोडं वाजत होतं. पाण्याला उकळी फुटायला आली की ती तशी वाजते.

मग दोघं एकदम म्हणाले, “बर्टा.”

एकाच वेळी, एकाच सुरात. माझ्या उभ्या आयुष्यात त्या दोघांनी एकत्र उच्चारलेला तो पहिला शब्द. सूप माझ्या मनगटावरून बाहीत गेलं.

•

काय करायला हवं होतं, याची यादी मी नंतर पुष्कळदा केली. तेव्हा काय केलं, ते एवढंच. मामाचं सूप होकायंत्राशेजारी ठेवलं आणि आईच्या पाठोपाठ मागच्या डेकवर गेले, कारण ती उठून तिकडे गेली होती. तिच्या अंगावर गुंड्यांचा रेनकोट होता. मी वारा अंगावर घेत उभी राहिले.

“मी त्याला विचारलंच नाही,” मी म्हणाले. “तुला सांगितलेलं ते ‘जा’ त्याचं नव्हतं. माझं होतं.”

“का?”

“तो नको म्हणाला असता.”

“म्हणाला असता तर म्हणाला असता.”

“मग तू मेली असतीस, आई.”

हे मी मोठ्याने बोलले. फार मोठ्याने. ती आधी समोर बघायला लागली, धुक्यात, जिथे हिमनदी असणार होती. मग माझ्याकडे.

“तू तीस वर्षं माझे शब्द मऊ करून त्याला देतेस, हे मला माहीत नाही असं वाटतं तुला? शिडी जाळीन म्हटलं की तो माणूस लावून छप्पर नीट करून घेतो. माझा शब्द जसाच्या तसा पोचला तर तो कधी असं करेल का? तो चढेल आणि वरून मला हात करेल.” तिने माझी हनुवटी रुमालाच्या टोकाने पुसली. “पाऊस आहे म्हणून दिसत नाही, पण डोळे पूस. ते मऊ करणं चालायचं. पण हा प्रश्न माझा होता. हा मऊ करायचा नव्हता.”

“मग आता काय करू?”

“आता विचार.”

“आत्ता? आणि तो नको म्हणाला तर?”

“बर्टा. तू निरोप्या आहेस. पत्र फोडून वाचू नकोस.”

•

मी बोटीच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत चालले. बारा पावलं. लोक खिडक्यांना नाकं लावून बसले होते. मामाने इंजिन मंद केलं होतं, चारी बाजूंनी बर्फाचे तुकडे, आणि त्यातून तो आवाज येत होता, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. बर्फात अडकलेली जुनी हवा सुटते ती.

दारात उभी राहून मी म्हणाले, एकही शब्द न बदलता, “आई विचारते, ती गेली तर तुला चालेल का.”

मामाने इंजिन बंद केलं.

त्याने सुपाचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“खारट आहे.”

“मामा.”

“तुझ्याकडे नाही देणार मी आता निरोप. तुझी नोकरी गेली.”

“कुठली?”

“सुपाची आहे. दुसरी गेली.”

आणि त्याने भोंग्याचा माइक खाली घेतला.

•

भोंगा, बारा वाजून पाच मिनिटं.

“मंडळी, हळू आवाजात बोलतोय, कारण आपण पोचलोय. समोर धुकं आहे. थांबा, सुटेल. डावीकडे बघा, तुकड्यांवर सीली आहेत. या महिन्यात त्यांची पिल्लं लहान असतात. जवळ जाणार नाही आपण. घाबरून आई पाण्यात उतरली तर पिल्लू वरच राहतं.

“एरवी इथे मी त्यांचं वजन सांगतो. आज राहू दे. वजन पुस्तकात मिळेल.

“ज्या तुकड्यावर सील बसते तो रोज वितळत असतो. ती ते बघत बसत नाही. तुकडा फार लहान झाला की ती उतरते आणि दुसरा शोधते. बाकीच्या सीलींना ते आवडतं का? मला माहीत नाही. मला कोणी विचारलं की शेजारची सील गेली तर तुला चालेल का, तर मी सांगेन.

“चालणार नाही.”

केबिनमध्ये कोणीतरी कॅमेऱ्याचं झाकण पाडलं. मी ओट्याची कड धरली.

“चालणार नाही म्हणजे अजिबात नाही. सकाळी तिच्या चिमणीतून धूर निघाला की मी चहा टाकतो. निघाला नाही तर मला चहा कधी टाकायचा तेच कळणार नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पण मी चालेल की नाही ते सांगितलं. जाऊ नको असं नाही सांगितलं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उतर. दुसरा तुकडा शोध. हे मी सीलला म्हणतोय.

“आणखी एक. या बोटीला माझ्या बायकोचं नाव आहे. तिला मी शहरातल्या दवाखान्यात सोडून आलो आणि हॅलिबट पकडायला गेलो. हंगाम होता. लोकांना सांगत आलो की शहराने तिला नेलं. शहराने काही केलं नाही. तिथे कोणी नव्हतं, एवढंच. मी असायला हवं होतं.

“ऑक्टोबरात बोट वर ओढली की मला काही काम नसतं. दवाखान्यांना भिंती असतात. भिंतीच्या या बाजूला कोण आणि त्या बाजूला कोण, याबद्दल आमच्या आजीने काही सांगून ठेवलेलं नाही. आणि ते रक्त धुवायचं यंत्र चार तास नुसतं घरघरत असतं म्हणे. यंत्राशी बोलायला कोणाचीच बंदी नाही.

“उजवीकडे, मंडळी. धुकं सुटतंय.”

•

सुटलं. आधी खालचा भाग, मग मधला. वरचं टोक शेवटपर्यंत ढगातच राहिलं. निळा. कुठल्या निळ्यासारखा ते सांगायला माझ्याकडे वस्तू नाही. कोणी बोट दाखवलं नाही. बारा माणसं पावसात डेकवर उभी, टोप्या मागे टाकून.

आई कठड्याशी होती. तिचे ओठ हलत होते. आजोबांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पत्र फोडायचं नाही.

मग ती प्रुइटकडे वळली. त्यांचे डोळे लाल झाले होते. का ते त्यांनाही माहीत नसावं.

“तुम्ही माझं एक काम कराल?”

“सांगा ना.”

“आत जाऊन कप्तानाला सांगायचं, भिंतीपलीकडे बसायचं असेल तर घोरायचं नाही.”

प्रुइटनी काचेतून बघितलं. मामा चार हातांवर उभा होता. “ते तर हे काय इथेच आहेत. तुम्हीच सांगा की.”

“तुम्ही नवीन आहात,” आई म्हणाली. “जा. आणि जसंच्या तसं सांगा हं. आधीच्या माणसाला काढून टाकलंय.”

ते गेले. प्लास्टिक खरखरत. दारात उभे राहून, एखाद्या मुलाला बसमधून उतरवताना त्याच्या घरच्यांना सांगावं तितक्या नीटपणे, त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. मामाने ऐकलं, आणि सांगितलं, “त्यांना सांगा, मी घोरत नाही. कुत्रं घोरायचं.”

प्रुइट परत आले. आईने सांगितलं, “त्यांना सांगा, कुत्रं मरून दीड वर्ष झालं आणि आवाज अजून माझ्या घरापर्यंत येतो.”

प्रुइट गेले. तेवढ्यात हिमनदीचा एक भाग सुटला. आवाज आधी आला नाही. आधी बर्फाची एक उभी भिंत शांतपणे खाली बसली, थकलेलं माणूस खुर्चीत बसतं तशी. मग आवाज, मग लाट. सीलींनी डोकी वर केली. ‘एल्सी’ वर गेली, खाली आली, पुन्हा वर.

प्रुइट दारात होते, हिमनदीकडे पाठ करून, चौकट धरून, मामाला कुत्र्याबद्दल सांगत.

“काय झालं? काय झालं?” ते धावत बाहेर आले. “कोसळला? किती मोठा?”

“छोटासा,” आई म्हणाली.

“खरं सांगा.”

“शाळेच्या बसएवढा.”

तो चर्चएवढा होता. आईने तो मऊ करून दिला.

•

परतीच्या वाटेवर प्रुइटनी आणखी नऊ निरोप नेले-आणले. त्यातले तीन छपराबद्दल होते. एक सॅल्मनच्या धुराबद्दल, जो मी वीस वर्षं अडवून धरला होता. आई त्यावर एवढी चिडली की तिच्या गालांवर रंग आला. शेवटचा निरोप आईचा. “त्यांना विचारा, एल्सीच्या थडग्यापाशी उद्या जायचं का. मी पुढे चालेन, त्यांनी मागून यावं.” प्रुइट जाऊन आले आणि समोर बसले.

“काय म्हणाले?” आईने विचारलं.

“काही नाही म्हणाले. मान हलवली. ती कशी आणायची ते मला कळेना.”

“आणलीत की,” आई म्हणाली, आणि त्यांना उरलेला सगळा मासा दिला.

मग ती बाकावर आडवी झाली, दाराकडे पाठ करून. मी तिच्यावर बिनगुंड्यांचा रेनकोट घातला. मामाने धक्क्यापर्यंत भोंगा लावलाच नाही. देवमासा दिसला तरी नाही.

•

गुरुवारी सव्वादहाचं विमान धुक्यामुळे दीडला निघालं. आई त्यात होती.

ऑक्टोबरच्या नवव्या दिवशी अँकरेजच्या त्या दवाखान्यात एक नर्स मला म्हणाली, “बाहेर एक आजोबा आहेत. उघड्या दाराशेजारी, भिंतीला पाठ लावून बसलेत. आत या म्हटलं तर येत नाहीत. मघापासून यंत्राला छपराबद्दल काहीतरी सांगतायत. तुमचे कोणी आहेत का?”

“माझे मामा,” मी म्हणाले. “राहू देत. त्यांना एक खुर्ची द्या.”

आत आईचे डोळे मिटलेले होते. “यंत्रा,” ती म्हणाली, “त्यांना सांग, शिडी मी कोणाला तरी देऊन आलेय.”

•

सील-छावणीत पोरांसाठी एकच घोंगडी होती. आई तेव्हा आठ वर्षांची, मामा सहा वर्षांचा, दोघं तिच्यात झोपत.